गार पाण्याने पोटात तेल गोठत नाही
जेवल्यावर गार पाणी प्यायलं की तेल पोटात गोठतं, आतड्याला चिकटतं आणि कॅन्सर होतो, हा व्हॉट्सअ‍ॅप मेसेज परत फिरतोय आणि माझी आई तो वाचून भर मे महिन्यात माठातलं पाणीसुद्धा टाळायला लागली म्हणून लिहितेय. अहो, पोटात 37 डिग्री असतं, ग्लासभर गार पाणी तिथे थोड्याच वेळात कोमट होतं. थिजलेलं तूप तळहातावर घेऊन बघा, पातळ व्हायला लागतं ना? पुढे लहान आतड्यात पित्त तेलाचे बारीक बारीक थेंब करतं, स्वादुपिंडातलं लायपेज हे पाचक एन्झाइम ते तोडतं आणि मग ते शोषलं जातं. शिवाय आतड्याचं अस्तरच काही दिवसांत नवं होतं, चिकटून बसणार कुठे? गाराने दात ठणकत असतील तर टाळा, पण कॅन्सरच्या भीतीने नको.