पोट्टा आळशी नाही, त्याची वेलांटी अडकून राहिलीय

माझ्या बहिणीचा पोट्टा तिसरीत होता तेव्हाची गोष्ट. नागपुरात महाल भागातल्या घरी मी त्याचं शुद्धलेखन घेऊन राहिलो होतो, म्हटलं 'दिवाळी' लिही, तर त्यानं लिहिलं 'दवीळा', आणि पाच मिनिटांनी तोच शब्द परत दिला तर 'दिळवा'. तोंडी विचारा, किल्ला कसा बांधला ते पार पायऱ्यांसकट सांगे. पण शाळेच्या वहीत शेरा ठरलेला, 'अभ्यासात लक्ष नाही'. बहीण म्हणे, दादा, काऊन होत असंल असं? पुढे कळलं, याला डिस्लेक्सिया म्हणतात, डोकं चालतं पण वाचणं-लिहिणं अडतं.

आता आपल्या लिपीची गंमत बघा. 'दि' मध्ये पहिली वेलांटी डावीकडे बसते, पण तोंडातून आधी द निघतो. 'सूर्य' मध्ये उलटं, र आधी बोलतो आणि रफार जाऊन बसतो य च्या डोक्यावर. बोलणं लेकरू ऐकून ऐकून शिकतं, वाचनाचं तसं नाही, लिहिणं माणसाला येऊन जेमतेम पाच हजार वर्षं झाली, त्यामुळे मेंदूत त्याच्यासाठी जन्मतः तयार अशी जागाच नाही. डाव्या बाजूला मागे, खालच्या अंगाला वस्तू-चेहरे ओळखणारा भाग असतो, त्यातलाच एक तुकडा शिकता शिकता अक्षरांच्या कामाला लागतो आणि आवाज ओळखणाऱ्या भागाशी त्याची तार जुळते. डिस्लेक्सियात ही तार नीट जुळत नाही. गडबड सहसा डोळ्यांत नसते, शब्दातले आवाज सुटे करण्यात असते.

१८९६ साली प्रिंगल मॉर्गन नावाच्या इंग्रज डॉक्टरनं अशाच एका १४ वर्षांच्या हुशार पोराबद्दल लिहिलं होतं. त्याचे मास्तर म्हणायचे, सगळं तोंडी शिकवलं असतं तर हाच शाळेत सगळ्यात हुशार ठरला असता! म्हणजे मास्तरांना तेव्हाच कळलं होतं.

ओळखतात कसं? आधी वर्गशिक्षकांनी काही महिने नजर ठेवायची, कारण एका चाचणीवरून काही कळत नाही. मग डोळे आणि कान तपासायचे, पुष्कळदा 'ढ' पोराला फळाच दिसत नसतो. सरकारी शाळांत आरोग्य तपासणीचं पथक येतं ते त्यासाठीही, शिवाय एनसीईआरटीचं, म्हणजे शाळेची पुस्तकं काढणाऱ्या केंद्राच्या संस्थेचं, 'प्रशस्त' नावाचं ॲप आहे, त्यात शिक्षक निरीक्षणं भरतात. पण ॲप म्हणजे फक्त चाळणी, निदान नाही. ते विशेष शिक्षक, मानसशास्त्रज्ञ आणि डॉक्टरांचं काम.

अपंगांच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्यानं अपंगत्वाचे प्रकार ७ चे २१ केले आणि त्यात अध्ययन अक्षमता आली, डिस्लेक्सिया तिच्यातच मोडतो. सर्टिफिकेट मिळालं की परीक्षेत तासाला २० मिनिटं जास्त, लेखनिक, अशा सवलती मिळतात. पण ते वयाच्या आठव्या वर्षाआधी सहसा देत नाहीत, आणि इथंच लोक चुकतात, कागद येईपर्यंत हातावर हात ठेवून बसतात. अहो, पोराला पुढच्या बाकावर बसवायला, उत्तर तोंडी घ्यायला कोणता कागद लागतो?

आमच्याकडे विशेष शिक्षिकेनं चिंचोके मागवले. एका आवाजाला एक चिंचोका, द चा एक, इ चा एक, बोलायचं, सरकवायचं, मग लिहायचं. पंधरा मिनिटं, पण रोज. आता तो डावीकडे जागा सोडून आधी द काढतो आणि वेलांटी मागून लाल पेनानं देतो. अक्षर गचाळच आहे, पण 'दिवाळी' ची दिवाळीच होते.