कार्बन की स्टेनलेस : पाण्यावर न्यायचा चाकू कोणत्या पोलादाचा असावा

तंबूत मुक्काम करू लागलेल्या किंवा कयाक घेऊन जलाशयात आणि खाडीत उतरू लागलेल्या माणसाला पहिला चाकू सुचवायची वेळ आली, की स्वीडनमधील मोरा गावच्या चाकूंचे नाव हमखास पुढे येते, आणि ते योग्यच आहे. मोराक्निव्ह या कंपनीची मुळे १८९१ पर्यंत मागे जातात. तिचा ‘कम्पॅनियन’ हा न मिटणारा, म्हणजे फिक्स्ड ब्लेड चाकू, सुमारे १०४ मिलिमीटर लांबीचे आणि दोन ते अडीच मिलिमीटर जाडीचे पाते, रबरासारखी पकड असलेली मूठ आणि प्लॅस्टिकचे म्यान एवढ्यासह मिळतो, आणि त्याच्या किमतीत त्याच्याइतका विश्वासू चाकू मला अजून दिसलेला नाही. गोंधळ यापुढे सुरू होतो. हाच चाकू कार्बन आणि स्टेनलेस अशा दोन पोलादांत मिळतो, दोन्ही दिसायला जवळजवळ सारखे असतात, आणि सल्ला देणारे बहुतेक जण ‘खरा चाकू कार्बनचाच, स्टेनलेस म्हणजे डब्या-वाट्यांचे पोलाद’ असे ठामपणे सांगून मोकळे होतात. हे वाक्य मी इतक्यांदा ऐकले आहे, आणि त्यावर विसंबून चुकीचा चाकू घेतलेली इतकी माणसे पाहिली आहेत, की त्यातली चूक नेमकी कुठे आहे हे एकदा सविस्तर मांडणे मला आवश्यक वाटते.

कार्बन पोलादाबद्दल फार लिहिण्याची गरज नाही, कारण ते आपल्या प्रत्येकाच्या घरात होते. आजीची विळी, शेतातला विळा, नारळ सोलायचा कोयता ही सगळी त्याच घराण्यातली अवजारे. कैरी चिरली की विळी काळी पडते, ओली ठेवली की रात्रीत तांबूस होते, दगडावर चार हात मारले की पुन्हा कापू लागते, आणि पावसाळ्यात तिला तेलाचे बोट लावून ठेवावे लागते, हे ज्याने पाहिले आहे त्याला कार्बन चाकूचा स्वभाव ठाऊक आहे. मोराचे कार्बन पाते सुमारे एक टक्का कार्बन असलेल्या पोलादाचे असते, इतकीच भर पुरे.

अडचण स्टेनलेसची आहे, कारण ते आपल्याला ठाऊक आहे असे आपल्याला वाटते. स्टेनलेस हे एका पोलादाचे नाव नसून एका मोठ्या कुळाचे नाव आहे, आणि त्यातल्या दोन शाखांची सरमिसळ हेच या साऱ्या गैरसमजाचे मूळ आहे. स्वयंपाकघरातील चांगले डबे, पातेली, ताटे साधारणपणे ३०४ या प्रतीच्या पोलादाची असतात. त्यात सुमारे १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असते, तर कार्बन ०.०८ टक्क्यांहूनही कमी असतो. लोहार ज्याला ‘पाणी देणे’ म्हणतो, म्हणजे लालबुंद पाते तेलात किंवा पाण्यात बुडवून कठीण करणे, त्याचा या पोलादावर काहीही परिणाम होत नाही. ते मऊच राहते, म्हणून त्याची ठोकून पातेली होतात आणि म्हणूनच त्याचा चाकू होऊ शकत नाही. मोराच्या स्टेनलेस पात्यासाठी वापरले जाणारे स्वीडिश १२सी२७ हे पोलाद दुसऱ्या शाखेतले आहे. त्यात क्रोमियम सुमारे साडेतेरा टक्के, निकेल जवळजवळ नाही, आणि कार्बन सुमारे ०.६ टक्के. या पोलादाला पाणी देता येते आणि ते उत्तम कठीण होते. आपले लोहार कोयते बऱ्याचदा ट्रकच्या स्प्रिंगच्या जुन्या पाट्यांपासून घडवतात, आणि त्या पाट्यांच्या पोलादातही कार्बन अर्धा ते ०.६ टक्क्यांच्या आसपासच असतो. म्हणजे ज्या कोयत्याच्या धारेवर आपला पिढ्यान्‌पिढ्यांचा विश्वास आहे, त्याच्याइतकाच कार्बन या स्टेनलेस चाकूत आहे. ‘कार्बन’ आणि ‘स्टेनलेस’ ही नावे विरुद्धार्थी आहेत असे मानणे हीच पहिली चूक आहे, कारण खरा फरक क्रोमियमचा आहे.

इथे चुंबकाचा विषय काढावाच लागतो, कारण त्याच्यासारखा चिवट गैरसमज दुसरा नाही. भांडी घेताना चुंबक लावून पाहायची आणि तो चिकटला तर ‘हे खरे स्टील नाही’ म्हणायची सवय आपल्याकडे घरोघरी आहे. पहिल्या शाखेच्या पोलादाला चुंबक सहसा चिकटत नाही, म्हणून भांड्यांपुरता तो आडाखा काहीसा चालतो. तोही पूर्णपणे नाही, कारण निकेल वाचवून मँगनीज घातलेल्या स्वस्त २०० मालिकेच्या पोलादालाही चुंबक धरत नाही. चाकूचे स्टेनलेस मात्र चुंबकाला कडकडून चिकटते आणि चिकटलेच पाहिजे, कारण पाणी दिल्यावर पोलादाची जी कठीण रचना तयार होते ती चुंबकीय असते. ज्या ‘चाकू’च्या पात्याला चुंबक चिकटत नाही, तो नेहमीच्या कामासाठी घेऊ नये, असे मी म्हणेन. नवा मोरा हातात घेऊन, त्याला फ्रिजवरचे चुंबक लावून ‘फसवणूक झाली’ म्हणणाऱ्यांना हे समजावून सांगताना माझा कितीतरी वेळ गेला आहे.

स्टेनलेसला धार टिकत नाही हा ग्रहही हवेतून आलेला नाही. इंग्लंडमधील शेफिल्डमध्ये धातुतज्ज्ञ हॅरी ब्रिअर्ली यांनी १९१३ मध्ये सुमारे १२.८ टक्के क्रोमियमचे जे सुरुवातीचे स्टेनलेस पोलाद ओतले, त्यात कार्बन जेमतेम पाव टक्का होता, आणि सुरुवातीच्या त्या सुऱ्यांची धार बेताचीच होती. आपल्याकडे बाजारात टोपलीत ढीग लावून विकल्या जाणाऱ्या पातळ सुऱ्या आजही बहुधा तशाच कमी कार्बनच्या पोलादाच्या असतात, आणि लोक स्टेनलेसची परीक्षा त्यांच्यावरून करतात. मोराच्या दोन्ही पात्यांची काठिण्याची मापे पाहावीत : रॉकवेल मोजणीनुसार स्टेनलेस ५६ ते ५८ आणि कार्बन ५८ ते ६०. फरक आहे, आणि लाकूड तासण्याचे काम तासन्‌तास करणाऱ्याला तो जाणवेलही. पण दोरी, कांदा, मासे, चुलीसाठी बारीक काटक्या आणि तंबूच्या खुंट्या एवढ्या कामांत तो कोणाच्याही हाताला जाणवणार नाही. १२सी२७ ला धार लावणेही अवघड नाही. ते बारीक कणांचे पोलाद असून साध्या दगडावर सहज धरते. स्टेनलेसला धार लावताना घाम फुटतो ही तक्रार महागड्या, भरपूर मिश्रधातू घातलेल्या पोलादांची आहे, आणि ती उगाच या स्वस्त चाकूच्या माथी मारली जाते.

आता पाण्याकडे येऊ, कारण निवड तिथेच ठरते. स्टेनलेस गंजत नाही असे म्हणणारे आणि ‘माझे स्टेनलेस गंजले, म्हणजे ते बनावट होते’ असे म्हणणारे, दोघेही एकाच अपुऱ्या समजुतीचे बळी असतात. पोलादातील क्रोमियम हवेतील प्राणवायूशी संयोग पावून पृष्ठभागावर काही नॅनोमीटर जाडीचा, डोळ्यांना न दिसणारा थर तयार करते, आणि तो थर खरवडला गेला तरी हवा मिळताच पुन्हा धरतो. पण चाकूच्या पोलादात काही क्रोमियम कार्बनशी बांधले जाते, त्यामुळे संरक्षणासाठी मोकळे उरणारे क्रोमियम डब्याच्या पोलादापेक्षा बरेच कमी असते. म्हणून डबा वर्षानुवर्षे पाण्यात राहून चकाकतो आणि चाकूवर मात्र ठिपके येतात. त्यात समुद्राच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम मीठ असते, आणि मिठातील क्लोराइड हा थर नेमका ठिकठिकाणी भेदून सुईने टोचल्यासारखे खड्डे पाडते. याहून वाईट म्हणजे ओले म्यान : खारे पाणी आत अडकून राहिले, हवा खेळली नाही, की थर दुरुस्त व्हायला लागणारा प्राणवायूच मिळत नाही. स्टेनलेस चाकूला सर्वांत मोठा धोका पाण्यात बुडण्याचा नसून ओला म्यानात घालून विसरण्याचा आहे. तारकर्लीजवळ कर्ली नदीच्या मुखाशी तीन दिवस वल्ही मारून परतल्यावर माझा स्टेनलेस कम्पॅनियन मी आठवडाभर ओल्या म्यानात पिशवीतच ठेवला होता, आणि मुठीजवळ पात्यावर पडलेले खड्डे आजही तिथे आहेत. तेव्हापासून खाडीतून बाहेर आल्यावर पिण्याच्या बाटलीतले दोन घोट पाणी चाकूवर आणि दोन घोट म्यानात ओतून, चाकू म्यानाबाहेर काढून वाळवल्याशिवाय मी पुढचे काही करत नाही.

त्याच सहलीत सोबतच्या एकाकडे कार्बनचा कम्पॅनियन होता. पहिल्या संध्याकाळी त्याने दोरी कापून चाकू ओलाच म्यानात घातला, आणि सकाळी टोमॅटो चिरायला घेतला तर धारेवर भगवी कड उमटलेली आणि पाते टोमॅटोच्या सालीवरून घसरत असलेले. कार्बनच्या बाजूने बोलणारे लोक हीच गोष्ट नेहमी वगळतात. ‘गंज काय, पुसला की गेला’ असे ते म्हणतात, आणि पात्याच्या गालांपुरते ते खरेही आहे. पण धार म्हणजे पात्याची सर्वांत पातळ जागा, आणि मोराच्या पात्याला एकच सरळ उतार असल्याने ती विशेष पातळ असते. गंज पोलाद खातो, आणि तो धारेवर पहिला घास घेतो. डोळ्यांना दिसण्याआधीच धार बोथट झालेली असते. जो चाकू ‘धार जास्त टिकते’ म्हणून घेतला, त्याची धार काहीही न कापता म्यानात बसल्या बसल्या एका रात्रीत जाते. खाडीत, समुद्रात आणि सह्याद्रीतल्या जुलै-ऑगस्टच्या मुक्कामांत हे इतक्या नेमाने घडते, की पाण्यावर जाणाऱ्याने स्टेनलेसच घ्यावे याबद्दल माझ्या मनात कसलाही किंतु नाही. हिवाळ्यात कोरड्या माळावर, हाताशी फडके आणि तेलाची कुपी ठेवून लाकूडकाम करणाऱ्याने कार्बन खुशाल घ्यावे.

आग पेटवायला कार्बनचाच चाकू हवा, असा ठिणग्यांचा मुद्दा पुढे केला जातो, तोही लगेच निकालात काढतो. गारगोटीवर पोलाद घासून ठिणगी काढायची असेल तर कार्बनच लागते, कारण तेव्हा जळतो तो पोलादाचा कण. आज सगळे जण वापरतात ती फेरो सळई, म्हणजे आग पेटवायची मिश्रधातूची काडी, मात्र स्वतःच्या ठिणग्या देते. तिला फक्त तीक्ष्ण, काटकोनी, कठीण कड हवी असते, पोलाद कोणते हे तिला कळत नाही. कम्पॅनियनच्या पात्याची पाठ दोन्ही प्रकारांत पुरेशी काटकोनी नसते. कानशीने तिची दोन-तीन सेंटीमीटर कड सरळ करून घेतली की काम भागते.

वेष्टनावरील शब्दांबद्दलही सावध राहावे. ‘हाय कार्बन स्टेनलेस’, ‘सर्जिकल स्टील’, ‘जर्मन स्टील’ यांतून पोलादाची प्रत कळत नाही, आणि प्रतीचा आकडा न छापणाऱ्याचा चाकू मी घेत नाही. नुसते ‘४४०’ लिहिलेले असले तरी ते अपुरे आहे, कारण त्या आकड्यापुढच्या ए, बी, सी या अक्षरांनुसार कार्बनचे प्रमाण साधारण ०.६ पासून १.२ टक्क्यांपर्यंत बदलते.

बाकीच्या गोष्टींवर लोक अवाजवी वाद घालतात. पाते मुठीच्या टोकापर्यंत गेलेले हवे हा आग्रह ओंडके फोडणाऱ्यांसाठी ठीक आहे; कम्पॅनियनचे पाते मुठीत बरेच आत जाऊन थांबते आणि तंबूच्या कामांना ते पुरते. जाडी अडीच मिलिमीटरपेक्षा वाढली की भाजी चिरताना ती फाटते. लांबी दहा सेंटीमीटरच्या आसपास असावी, आणि त्यात कायद्याचीही सोय आहे : आपल्या शस्त्र नियमांत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याचा उल्लेख येतो, आणि हा चाकू त्याच्या खूप आत राहतो. मूठ भडक नारिंगी घ्यावी, कारण हिरवी मूठ गवतात आणि गढूळ उथळ पाण्यात शोधून सापडत नाही. हवा भरलेल्या राफ्टवर किंवा वेगवान प्रवाहात जाणाऱ्याने मात्र लाइफ जॅकेटवर टोकदार चाकू लावूच नये. तिथे दोरी कापण्यासाठी बोथट टोकाचा, दातेरी पात्याचा वेगळा चाकू लागतो, आणि कम्पॅनियन तेव्हा सामानाच्या पिशवीत राहिला पाहिजे.

ज्यांनी कार्बनचा चाकू आधीच घेतला आहे, त्यांनी तो टाकून द्यावा असे मी म्हणत नाही. पाते स्वच्छ धुऊन, कैरीच्या किंवा लिंबाच्या रसात काही वेळ ठेवून त्यावर काळसर छटा चढू द्यावी, मग स्वच्छ धुऊन, कोरडे करून खोबरेल तेलाचा पातळ हात फिरवावा. विळीसाठी घरात जे करतात तेच. ही काळी छटा गंजाचा वेग कमी करते, पण तो थांबवत नाही, आणि घासून नव्याने उघड्या पडलेल्या धारेला तिचा काहीच उपयोग नसतो. म्हणून तो चाकू किनाऱ्यावरच्या स्वयंपाकाच्या पेटीत, कोरड्या फडक्यात गुंडाळून ठेवावा आणि कयाकवर स्टेनलेस न्यावा.