डेव्हिकचा आजार म्हणजे एमएस नव्हे

डोळ्याची नस सुजली, मज्जारज्जूही सुजला, म्हणजे एमएसच (मल्टिपल स्क्लेरोसिस, ज्यात शरीराची प्रतिकारशक्ती मेंदू-मज्जारज्जूतल्या नसांच्या आवरणावरच हल्ला करते), हा समज अजून फिरतोय. तो चुकीचा आहे आणि त्याची झळ पेशंटला बसते. १८९४ साली डेव्हिक या फ्रेंच डॉक्टरने मांडलेला, याच दोन जागा सुजवणारा न्यूरोमायलायटिस ऑप्टिका, म्हणजे एनएमओ, शतकभर अनेकांनी एमएसचाच प्रकार मानला. २००४ मध्ये मेयो क्लिनिकच्या संशोधकांना या रुग्णांच्या रक्तात वेगळीच अँटिबॉडी सापडली. पेशींतून पाण्याची ने-आण करणाऱ्या अ‍ॅक्वापोरिन-४ या प्रथिनावर ती हल्ला करते. हा फरक नुसता नावापुरता नाही. इंटरफेरॉन-बीटासारख्या एमएसच्या औषधांनी एनएमओ उलट बळावू शकतो! म्हणून शंका असेल तर औषध ठरवण्याआधी रक्त तपासा, शक्यतो सेल-बेस्ड पद्धतीने, म्हणजे अ‍ॅक्वापोरिन-४ असलेल्या पेशी वापरून. रिपोर्ट निगेटिव्ह आला म्हणून एनएमओ नाहीच असं नव्हे. अशा वेळी मॉग (नसांच्या आवरणातलं एक प्रथिन) याविरुद्धची अँटिबॉडीही पाहावी लागते.