समुपदेशकाकडे गेलं की येरवड्याच्या मनोरुग्णालयात पाठवतात?

पुण्यात पिढ्यानपिढ्या फिरणारा हा समज खोटा आहे. समुपदेशक कुणाला दाखल करू शकत नाही, औषधंही लिहून देत नाही. ते काम मनोविकारतज्ज्ञाचं. दाखल करण्यावरही २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याची बंधनं आहेत. आणि घटस्फोट, निवृत्ती, नोकरी जाणं यांसाठीही थेरपी घेता येते, आजारच हवा असं नाही.

पहिल्या फोनवरच शिक्षण आणि फी विचारा. चिकित्सा-मानसशास्त्रज्ञ (क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट) म्हणवणाऱ्याकडे भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी हवी. सत्र साधारण ४५ ते ६० मिनिटांचं; पहिलं बहुतेक माहिती घेण्यातच जातं, आणि नेमके तिथेच लोक कंटाळून सोडतात. तीन-चार भेटींनंतरही सूर जुळला नाही, तर खुशाल बदला.

पैशांची अडचण असेल तर ससून या सरकारी रुग्णालयाची मनोविकार ओपीडी आहे. रात्री-अपरात्री टेली-मानस ही सरकारी हेल्पलाइन, १४४१६: मोफत, मराठीतूनही.