सासूचा बीपी, सुनेचा बीपी

आखाजीच्या आधी जळगाव-धुळ्याकडच्या एखाद्या अंगणात बिबड्या करायला बायका जमल्या की त्यांतल्या एकीची तरी बीपीची गोळी चालू असते. ती बहुधा पन्नाशीच्या पुढची. तिच्या पंचविशीतल्या सुनेचा बीपी मात्र 100 वर 60, आणि उपाशीपोटी बराच वेळ चुलीपाशी उभी राहिली तर ‘माले चक्कर येस’ म्हणून खाली बसणारी तीच. सासूला खोदून विचारलं तर तीही सांगते, तरुणपणी माझंही असंच होतं. मग मधल्या वीस-पंचवीस वर्षांत असं काय उलटं फिरलं? घरात उत्तर तयार असतं: टेन्शन. दवाखान्यातही पुष्कळदा तेच मिळतं. उत्तर अगदीच खोटं नाही, पण फार आळशी आहे.

रक्तदाबावर नसांचा, म्हणजे मेंदूचे हुकूम पोचवणाऱ्या मज्जातंतूंचा, ताबा असतो हे कळून पावणेदोनशे वर्षं होत आली. 1851-52 च्या सुमारास फ्रान्समध्ये क्लॉड बर्नार्डने सशाच्या मानेतली एक नस कापली, तर त्या बाजूचा कान लाल आणि गरम झाला. त्याच नसेला विजेचा झटका दिल्यावर कान पांढरा पडून गार होतो, हेही लवकरच दिसलं. या अनुकंपी, म्हणजे डॉक्टरांच्या बोलीतल्या सिम्पथेटिक, नसा रक्तवाहिन्या आवळतात. 1920 च्या दशकात जर्मन शरीरशास्त्रज्ञ हाइनरिश हेरिंगने दाखवलं की जबड्याखाली, जिथे मानेतली धमनी दुभंगते, तिथे तिच्या भिंतीत ताण ओळखणारी टोकं असतात. दाब वाढला की ती मेंदूला कळवतात, मेंदू नसांचा जोर कमी करतो आणि हृदयाचे ठोके मंदावतात. दाब उतरला की याच्या उलट. आपण बाजेवरून उठतो तेव्हा अर्धा लिटर तरी रक्त पायांत आणि पोटात उतरतं, तरी डोळ्यांपुढे अंधारी येत नाही ती या व्यवस्थेमुळे. या नसांच्या टोकांतून झिरपणारं रसायन नॉरॲड्रेनॅलिन आहे, हे 1946 मध्ये स्वीडनच्या उल्फ फॉन ऑयलरने दाखवलं. 1970 च्या नोबेलमध्ये त्याचा वाटा होता.

इथपर्यंतचं काम बहुतेक ससे, मांजरं आणि कुत्री यांच्यावरचं. माणसांची पाळी आली तेव्हा प्रयोगशाळेत आले ते मुख्यतः धडधाकट तरुण पुरुष. बायकांची मासिक पाळी आकडे बिघडवते, ही सबब होती. अमेरिकेच्या औषध नियामकाने तर 1977 मध्ये मूल होऊ शकणाऱ्या वयाच्या बायकांना औषधांच्या सुरुवातीच्या चाचण्यांपासून दूर ठेवायला सांगितलं आणि ती भूमिका 1993 मध्ये मागे घेतली. थॅलिडोमाइड हे औषध गरोदरपणी घेतल्याने बाळं व्यंगासह जन्मली, त्या दुर्घटनेनंतर त्यामागे भीती होती हे समजू शकतं. पण जी पाळी अडचण म्हणून बाजूला सारली, तिच्याशी जोडलेल्या संप्रेरकांतच उत्तराचा मोठा भाग होता.

जिवंत, जाग्या माणसाच्या नसेचं बोलणं थेट ऐकता येऊ लागलं ते 1960 च्या दशकात. स्वीडनमधल्या उप्साला इथे हागबार्थ आणि वॉल्बो या दोघांनी टंगस्टनची केसासारखी बारीक सुई कातडीतून थेट नसेत घालायची पद्धत बसवली, आणि आधी स्वतःच्याच हातांवर करून पाहिली. पुढे गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, हाडाच्या उंचवट्यामागून जाणारी नस सोयीची ठरली. सुई नेमकी बसली की लाउडस्पीकरवर ठोक्यांच्या तालात सळसळ ऐकू येते. स्नायूंतल्या रक्तवाहिन्या आवळण्याचे हे हुकूम मिनिटाला किती निघतात, ते मोजता येतं.

मोजल्यावर कोडंच पडलं. गुन्नार वालिन आणि सहकाऱ्यांना 1970 च्या दशकात दिसलं की एकाच माणसाचा आकडा महिनोन्‌महिने जवळपास तोच राहतो, पण माणसामाणसांत तो कितीतरी पट वेगळा असतो. आणि तरीही दोघांचा बीपी सारखाच! नसा जर रक्तवाहिन्या आवळतात, तर दुप्पट-तिप्पट हुकूम सुटणाऱ्याचा बीपी चढत का नाही?

केळीच्या बागेत ठिबक चालवणाऱ्याला याचं उत्तर सांगावं लागणार नाही. गेजवरचा काटा नुसत्या व्हॉल्व्हवर ठरत नाही, मोटार पाणी किती फेकते तेही बघावं लागतं. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये मायकेल जॉयनर यांच्या गटाने वालिनला सोबत घेऊन 2005 मध्ये तरुण पुरुषांत हेच दाखवलं. ज्यांच्या नसांचा जोर जास्त, त्यांचं हृदय मिनिटाला रक्त कमी फेकत होतं. दोन्ही बाजू एकमेकींना सावरून घेत होत्या.

कोडं सुटलं असं वाटत असतानाच तरुण बायका मोजल्या गेल्या. 2009 मधल्या त्या निष्कर्षात पुरुषांचं गणित त्यांना लागूच पडेना. नसांचा जोर कितीही असो, त्याचा रक्तवाहिन्यांच्या आवळण्याशी संबंधच दिसत नव्हता. हुकूम सुटत होते, पण मानले जात नव्हते. दोन वर्षांनी कारण सापडलं. नॉरॲड्रेनॅलिन रक्तवाहिनीवरच्या अल्फा नावाच्या ग्राहींवर, म्हणजे रसायनाचा निरोप घेणाऱ्या जागांवर, बसलं की ती आवळते आणि बीटा ग्राहींवर बसलं की सैल होते. तरुण बायकांमध्ये हा बीटाचा हात इतका बळकट असतो की आवळण्याचा परिणाम तो बराचसा पुसून टाकतो. प्रोप्रॅनोलॉल हे औषध देऊन बीटा ग्राही बंद केल्या, तेव्हा त्याच बायकांत पुरुषांसारखा संबंध दिसू लागला. सुनेचा बीपी कमी का, आणि उभं राहिल्यावर घेरी तिलाच लवकर का येते, या दोन्ही प्रश्नांच्या उत्तराचा एक धागा इथे आहे. तिचं हृदयही आकाराने लहान असतं, हा दुसरा.

पाळी गेलेल्या बायकांत मात्र प्रोप्रॅनोलॉलने असा काही फरक पडला नाही, कारण बंद करायला तो हात उरलाच नव्हता. शिवाय वयाबरोबर नसांचा जोर वाढतो. विशीपासून साठीपर्यंत तो साधारण दुप्पट होतो, आणि ही चढण बायकांमध्ये जास्त उभी असते. म्हणजे हुकूम वाढले आणि ते मोडून काढणारं कोणी राहिलं नाही. इस्ट्रोजेन हे अंडाशयातलं संप्रेरक रक्तवाहिनीच्या अस्तराला तिला सैल करणारं नायट्रिक ऑक्साइड बनवायला मदत करत असतं, तेही आटतं. आपल्याकडे पाळी पाश्चात्त्य बायकांपेक्षा चार-पाच वर्षं आधी, शेहेचाळीस-सत्तेचाळीसच्या आसपास जाते. ‘पिशवी काढली’ हे वाक्य तर गावोगाव ऐकू येतं. त्या ऑपरेशनमध्ये अंडाशयंही काढली असतील तर हे सगळं पस्तिशीतही सुरू होऊ शकतं. बीपी मोजणाऱ्याने हा प्रश्न विचारायलाच हवा, आणि तो क्वचितच विचारला जातो.

म्हातारपणाचा दुसरा फटका बाई-पुरुष दोघांनाही सारखाच. ऑक्सफर्डच्या पीटर स्लाइट आणि सहकाऱ्यांनी 1971 मध्ये दाखवलं की वय वाढतं तशी दाबातल्या चढउतारांना हृदयाने द्यायची झटपट साथ मंदावत जाते. धमन्या ताठरल्या की त्यांच्या भिंतीतल्या त्या टोकांना ताण नीट जाणवत नाही. मग वरचा आकडा चढत जातो, खालचा साठीनंतर उतरूही लागतो, आणि एकाच दिवसात बीपी वर-खाली झुलतो. ‘वय अधिक शंभर म्हणजे नॉर्मल’ हा हिशोब आजही पारावर ऐकू येतो. तो डॉक्टरांकडूनच आलेला आहे. 1991 मध्ये साठीपुढच्या 4,736 जणांवरच्या अमेरिकी चाचणीत नुसता वरचा आकडा आटोक्यात आणल्याने पक्षाघात 36 टक्क्यांनी कमी झाले, तेव्हा तो शास्त्रातून गेला. पारावरून जायचा आहे.

खानदेशात यावर उन्हाची भर पडते. मे महिन्यात भुसावळ-जळगावकडे पारा 45 च्या वर जातो. अंग थंड ठेवायला रक्त कातडीकडे वळतं, त्यामुळे पोटातल्या रक्तवाहिन्या आवळून मेंदूकडचा पुरवठा राखणं नसांना भाग पडतं. सत्तरीच्या आबांना हे पटकन जमत नाही, त्यात तहान कमी लागते, आणि गोळीत लघवी वाढवणारं औषध असेल तर अंगातलं पाणी आणखी घटतं. शिबिरात खुर्चीवर बसवून एकदा घेतलेल्या बीपीत यातलं काहीच दिसत नाही. त्यांना उभं करून तीन मिनिटांच्या आत पुन्हा मोजायला हवं. वरचा आकडा 20 ने किंवा खालचा 10 ने उतरला, तर उन्हाळ्यापुरता डोस बदलायचा का हे डॉक्टरांना विचारावं. चक्कर येते म्हणून गोळी आपल्या मनाने बंद करणं आणि बीपी आहे म्हणून मे महिन्यातही तोच डोस ओढत राहणं, या दोन्ही चुका इकडच्या घराघरांत होतात.