पळसावरचा काळा, जास्वंदीवरचा पिवळा

फाल्गुनात धुऱ्यावरचा पळस फुलला की त्यावर एक चिमुकला काळा पक्षी नाचू लागतो आणि गावच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर ‘आपल्याकडे हमिंगबर्ड आला’ म्हणून फोटो येतोच. हमिंगबर्ड फक्त अमेरिका खंडांतच राहतो आणि त्याची भावकी पाकोळीशी. आपला हा शिंजीर, म्हणजे सूर्यपक्षी, चिमणीच्या गणातला. दोघंही फुलातल्या मधावर जगतात, म्हणून चोच तेवढी सारखी. हमिंगबर्ड हवेत तरंगत मध पितो, शिंजीर बहुधा फांदी धरून.

विदर्भात सहज दिसणारे शिंजीर दोन. एक जांभळा, दुसरा जांभळ्या पाठीचा. दुसऱ्याचा नर ओळखायला सोपा: पाठ तपकिरी-लाल, फक्त शेपटीच्या बुडाशी जांभळी (नाव त्यावरून), पोट पिवळं, गळा जांभळा, डोक्यावर चमकती हिरवी टोपी. हा वेष त्याचा बाराही महिने राहतो.

गोंधळ घालतो तो जांभळा. विणीच्या हंगामात नर सावलीत काळाकुट्ट दिसतो आणि उन्हात आला की निळा-जांभळा लखलखतो. ही झळाळी नुसत्या रंगद्रव्याची नसते. पिसातल्या अतिसूक्ष्म थरांवरून प्रकाश परततो, त्यातून ती येते. हंगाम सरला की नर ती पिसं टाकतो आणि मादीसारखा पिवळट होतो. हनुवटीपासून पोटापर्यंत एक काळपट पट्टा तेवढा उरतो. असा नर दिसला की अनेकांना ही तिसरीच जात वाटते. निम्मी पिसं बदललेला नर तर अगदीच ठिगळं लावल्यासारखा दिसतो!

पळसावर त्याचे उपकारही आहेत. पळसाच्या परागीभवनावरचा एक अभ्यास २००३ साली प्रसिद्ध झाला. फुलांवर पक्षी बरेच येत होते, पण त्यांतला परागीभवन खरोखर घडवणारा पक्षी हा जांभळा शिंजीरच निघाला. जास्वंदीवर मात्र शिंजीर लबाडी करतात. फुलाच्या बुडाशी चोच खुपसून मध ओढतात, परागकणांना शिवतही नाहीत.

घरटं दोघांचंही लोंबती पिशवी, कोळ्याच्या जाळ्यांनी विणलेली, तोंडावर छोटं छप्पर. जांभळ्या पाठीच्या शिंजिराच्या घरट्यात आतून रुईच्या बोंडातल्या मऊ धाग्यांचं अस्तरही सापडतं. विणकाम बहुतेक मादीचंच.

या माद्याच खरी परीक्षा घेतात. दोघीही वरून मळकट, खालून पिवळ्या. जांभळीचा गळाही पिवळाच, दुसरीचा राखाडी-पांढरा. तेव्हा फोटो पाठीचा नको, गळ्याचा काढा.