पाच डब्यांपायी सगळा माल

१९७१च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्क राज्यातल्या एका जोडप्याने व्हिशिस्वाझचा डबा फोडला. हे बटाट्याचं सूप थंडच वाढतात. चव विचित्र लागली म्हणून दोघांनी ते अर्धवट टाकलं, तरी नवरा दगावला आणि बायको लुळी पडली. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने ३२४ डबे तपासले. त्यांपैकी पाचांत बोट्युलिनम नावाच्या जिवाणूचं विष निघालं. पण कंपनीचा झाडून सगळा माल बाजारातून परत मागवला गेला, आणि महिन्याभरात तिचं दिवाळं निघालं.

पाच डब्यांपायी एवढं? हो, कारण डबा तपासायचा तर तो फोडावा लागतो. ज्याची खात्री पटली तो विकण्याजोगा राहत नाही आणि जो विकण्याजोगा आहे त्याची खात्री नसते. म्हणून संशय एका डब्यावर न राहता त्या दिवशी त्याच यंत्रातून निघालेल्या सगळ्या घाण्यावर जातो.

क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम हा जिवाणू हवा नसेल तिथेच फोफावतो, आणि डब्यात नेमकी हवा नसते. त्याचे बीजाणू, म्हणजे त्याचं सुप्त, चिवट रूप, उकळत्या पाण्यालाही दाद देत नाहीत. म्हणून कारखान्यात दाबाखालच्या वाफेने डब्याच्या मध्यापर्यंत १२१ अंश सेल्सियस तापमान किमान तीन मिनिटांच्या हिशेबाने पोचवतात. ४.६ पेक्षा कमी सामू (आंबटपणा मोजायचा आकडा, pH) असलेल्या आंबट पदार्थांत हा जिवाणू वाढत नाही. सूप, मांस, डाळी यांना ती सवलत नाही. गंमत म्हणजे विष स्वतः नाजूक असतं, काही मिनिटं उकळलं की निकामी होतं. थंड वाढलेल्या सूपला ती संधीच मिळाली नाही.

डबा फुगला की संशय येतो, पण न फुगलेल्या, वास न येणाऱ्या डब्यातही विष असू शकतं. ग्रॅमच्या दहा हजाराव्या भागाहूनही कमी विष माणसाला पुरतं.

असा माल जप्त करायचा तर अमेरिकेत खटला चक्क मालावरच भरतात. प्रतिवादी म्हणून डब्यांचं नाव! न्यायालयाने माल दूषित ठरवला, की मालक हमी भरून तो देखरेखीखाली सुधारून घ्यायची परवानगी मागू शकतो. पण कुठला डबा कच्चा राहिला हेच कळत नसेल, तर सुधारणार काय? मग उरतं ते नष्ट करणं. डबे नुसते कचऱ्यात टाकले तर कोणीतरी उचलून विकेल किंवा खाईल, म्हणून अधिकाऱ्यांसमोर ते मोजून पुरतात किंवा जाळतात. फुगलेला डबा मात्र फोडायचा नाही, कारण आतल्या दाबाने विषारी रस अंगावर उडतो.